कपाट उभं होतं

(बंदरावरचं शोधकार्यालय. भिंतभर समुद्राचा नकाशा, टेबलावर वायरलेस. दुपार.)

मॅडम : म्हणजे हरवलेला माणूस एकच आहे.

सून : एकच. माझा नवरा.

सासू : माझा मुलगा.

मॅडम : आणि ते दोघं एकच.

सासू : मला मुलगा एकच आहे.

मॅडम : तसं नव्हे आजी. माझ्याकडे दोन तक्रारी आल्यात. मघाशी या ताई आल्या : निळी होडी, माणूस एक, मासे धरायला गेलाय. आता तुम्ही आलात : निळी होडी, माणूस एक, कामाला गेलाय. मी आपली दोन होड्या धरून बसले.

सून : आई, तुम्ही इथं कशा?

सासू : तू इथं कशी?

सून : ह्यांचा फोन आला होता. इंजिन बंद पडलंय, काळजी करू नकोस, आईला सांगू नकोस. मग कट झाला. परत लागत नाही.

सासू : मलाही आला. इंजिन बंद पडलंय, काळजी करू नकोस, हिला सांगू नकोस.

सून : आधी कोणाला आला?

सासू : मला.

सून : बरोबर.

मॅडम : ताई, शेवटचा फोन तुमचा, म्हणजे मला तुमचाच उपयोगाचा. कुठे आहोत, काही म्हणाले?

सून : दोन्ही किनारे सारखेच लांब दिसतायत म्हणाले. दीपगृह पाठीमागे.

मॅडम : म्हणजे उपसागराच्या बरोबर मध्यावर. इथं. ही आपली बाजू, उत्तरेची. हा पलीकडचा किनारा, दक्षिणेचा. तुमच्यापैकी कोणाचं कोणी आहे का तिकडे?

सून : माझी नणंद राहते.

सासू : तिचा काय संबंध?

मॅडम : तिला विचारता आलं असतं, होडी दिसली का.

सासू : नाही दिसली.

सून : तुम्ही विचारलंत?

सासू : सहज फोन केला होता.

सून : मासे धरायला हे एवढ्या मध्यावर कशाला गेले? नेहमी धक्क्याजवळच बसतात. तिथं मिळत नाहीत म्हणून लांब गेले म्हणावं, तर मिळत नाहीत ही काही नवी गोष्ट नाही. आजवर एक मासा घरी आलेला नाही.

सासू : तिकडे असतील मासे.

मॅडम : तुमचे मिस्टर काय करतात?

सून : पंप दुरुस्त करतात.

मॅडम : मग इंजिन...

सून : तेच. गावाचे पंप चालू, घरचा नळ गळतोय. होडीचं इंजिन तर घरचंच.

मॅडम : ठीक. मी तुम्हाला सांगते, मी इथं काय करते. वाहून चाललेली वस्तू किती वेळात कुठे पोचेल, ते काढते. आमच्याकडे शोधबोट एकच आहे. दुसरी गोदीत, पोटाला भोक पडलंय. म्हणून ती एक बोट कुठे पाठवायची हे नीट ठरवावं लागतं. मी दक्षिणेला पाठवलीय.

सून : दक्षिणेला? मॅडम, वारा उत्तरेकडे चाललाय. येताना माझी छत्री उलटी झाली, ती उत्तरेकडेच ओढत होती.

मॅडम : छत्री हवेत असते. होडी पाण्यात असते.

सून : पण वाराच तर ढकलणार ना?

मॅडम : हा वारा पहाटे आलाय. नैऋत्येचा. लांब समुद्रात कमी दाबाचा पट्टा सरकला, त्याच्या शेपटीला लागून आला. पाहुणा आहे, रात्री जाईल. त्याच्याआधी सलग चार दिवस वायव्येचा वारा होता, चांगला जोराचा. या महिन्यात त्याचंच राज्य असतं. त्यानं पाणी घासून घासून पुढे ढकललंय. पाणी जड. पटकन हलत नाही आणि एकदा हललं की पटकन थांबतही नाही. वरचा थर अजून जुन्या वाऱ्याचंच ऐकतोय.

सासू : म्हणजे वारा बदलला हे समुद्राला ठाऊकच नाही?

मॅडम : ठाऊक होईल. सावकाश.

सासू : आमच्या घरासारखंच आहे.

सून : वायव्येचा वारा म्हणजे तो आग्नेयेला जाणार. मग पाणी सरळ दक्षिणेला कसं?

मॅडम : पृथ्वी फिरतेय ना. पृथ्वीच्या आपल्या, उत्तरेकडच्या अर्ध्या भागात पाणी वाऱ्याच्या थोडं उजवीकडे कलतं.

सून : तिरपं कापड सरळ ओढलं तरी कडेला पळतं, तसं.

मॅडम : तुम्ही शिवणकाम करता?

सून : हो. शाळेचे गणवेश. आज सकाळी तेच बाजारातल्या दुकानात पोचवायला गेले होते. घरी आले तर हे नाहीत, आणि आईंच्या खोलीचं दार लावलेलं.

सासू : ऊन येत होतं. बाई, मला एक कळलं नाही. वायव्येचा वारा म्हणजे वायव्येला जाणारा ना?

मॅडम : नाही. वायव्येकडून येणारा. वाऱ्याला तो जिथून येतो त्या दिशेचं नाव. प्रवाहाला तो जिथं जातो त्या दिशेचं.

सासू : म्हणजे वारा माहेरावरून ओळखायचा आणि प्रवाह सासरवरून.

मॅडम : आमच्या पुस्तकात असं लिहिलेलं नाही. पण हो.

सून : मग हे दक्षिणेला चाललेत असं म्हणायचं.

मॅडम : दक्षिणेला चाललेत. आता होडीत काय काय होतं ते सांगा. हे महत्त्वाचं आहे. बुटकी, रिकामी होडी बरीचशी पाण्याबरोबर जाते. तिच्यात उंच काही असलं की वारा तिला धरतो. शीड? छत? ताडपत्री बांधलेली?

सून : काही नाही. गळ, जेवणाचा डबा, पाण्याचा कॅन.

मॅडम : आजी?

सासू : काय?

मॅडम : उंच काही?

सासू : तो स्वतः उंच आहे.

मॅडम : तो बसला असेल. उभा असला तर वेडा म्हणावा लागेल.

सासू : बसलाच असेल. बैठकीचं काम त्याला आवडतं.

मॅडम : एक मिनिट, बोट बोलतेय. हॅलो, कप्तान, बोला... मी आखून दिलेला सगळा चौकोन पाहिलात?... कडेचाही?... काय सापडलं?... रंग?... ताई, तुमचा पाण्याचा कॅन कसला होता?

सून : पांढरा. मोठा. झाकण सैल आहे म्हणून मी लाल पट्टी बांधलीय, गणवेशाच्या उरलेल्या कापडाची.

मॅडम : कप्तान, झाकणाला लाल कापड आहे का?... आहे. बरं. थांबा तिथंच, मी सांगते.

सून : कॅन मिळाला.

मॅडम : हो.

सून : होडी?

मॅडम : नाही.

सून : म्हणजे काय समजायचं?

मॅडम : अर्धा भरलेला कॅन पाण्यात बुडून चालतो, वाऱ्याला तो सापडत नाही. प्रवाह जिथं नेईल असं मी म्हटलं होतं, तिथंच तो सापडला. म्हणजे माझा प्रवाहाचा हिशोब बरोबर आहे. होडी त्याच्या आसपास असायला हवी होती. नाही.

सून : स्पष्ट सांगा मॅडम.

मॅडम : दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, होडी बुडाली. दोन, तुम्ही सांगितलीत तशी ती होडी नाही.

सून : मी सांगितलीय तशीच आहे. निळी आहे, बुटकी आहे, माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे. तिच्यात... आई, तुम्ही बसा. आई, तुमचा चेहरा...

सासू : बाई.

मॅडम : बोला.

सासू : समजा, एखाद्या होडीत कपाट असलं तर?

मॅडम : कपाट.

सासू : समजा म्हटलं.

मॅडम : आडवं की उभं?

सासू : उभं. आरशाचं कपाट आडवं टाकायचं नसतं. आरसा तडकतो.

सून : कुठलं कपाट?

मॅडम : लाकडी की लोखंडी?

सासू : लाकडी. सागवानी. चौघांनी मिळून ठेवलं आणि दोरांनी बांधलं. हलणार नाही असं बांधलंय.

सून : आई, कुठलं कपाट?

सासू : घरात कपाट एकच आहे.

मॅडम : उंची किती?

सासू : माझ्यापेक्षा उंच.

मॅडम : आजी, मला आकडा हवा. उंची आणि रुंदी. वारा जेवढ्या फळीवर आपटणार, तेवढी होडी पळणार.

सासू : आता मी काय सांगू? तीस वर्षं उघडतेय, मिटतेय. मोजलं कधी नाही.

सून : साडेसहा फूट उंच. रुंदी साडेतीन. खोली पावणेदोन. वरची कोरलेली पट्टी धरून उंची अजून चार बोटं.

मॅडम : अंदाजे?

सून : नाही. मी मोजलंय.

सासू : ठाऊक आहे मला, तू मोजलंस ते.

मॅडम : रुंद बाजू कुठे तोंड करून आहे?

सासू : आरसा मागे. त्याच्याकडे.

मॅडम : म्हणजे तो सुकाणूवर मागे बसला आणि समोर आरसा. मग पुढचं त्याला काय दिसत होतं?

सासू : स्वतःचं तोंड दिसत असणार.

मॅडम : बरं. थांबा, दोघीही एक अक्षर बोलू नका. साडेसहा गुणिले साडेतीन... होडीला हे शीडच झालंय. बुजगावण्यासारखं उभं. वारा नैऋत्येचा... कप्तान! ऐकताय? मागे फिरा. पूर्ण मागे. उत्तरेला, काळ्या खडकांच्या अलीकडे... हो, मीच पाठवलं होतं दक्षिणेला... हो, डिझेल जळलं ते मला दिसतंय... कारण होडीत कपाट आहे... कपाट. कपडे ठेवतात ते... नाही, उभं... नाही कप्तान, मी बरी आहे. आणि जेवढी पळते तेवढी पळवा.

सून : काळे खडक म्हणालात.

मॅडम : होडी ईशान्येला चाललीय. सकाळपासून. तुमच्या घरासमोरून गेली असेल, बरीच लांबून. या वाऱ्यानं ती ऊन उतरायच्या सुमाराला खडकांपर्यंत पोचेल. तिथं लाटा फुटतात. आमची बोट त्याआधी पोचायला हवी.

सून : पोचेल?

मॅडम : सांगता येत नाही. आधी कळलं असतं तर सांगता आलं असतं.

सासू : माझ्यामुळे.

मॅडम : मला पाणी कुठे जातं ते शिकवलंय आजी, कोणामुळे काय झालं ते नाही. बसा. आता वाट पाहायची.

सून : आई, कपाट कुठे चाललं होतं?

सासू : पलीकडे. तुझ्या नणंदेकडे.

सून : तिला कपाट कशाला?

सासू : तिला नको. मला. कपाटाच्या मागून मी जाणार होते. सोमवारच्या गाडीनं.

सून : किती दिवस?

सासू : कपाट घेऊन कोणी चार दिवसांसाठी जातं का गं?

सून : आणि मला कोण सांगणार होतं?

सासू : तो.

सून : हे? ह्यांना नळ गळतोय हे मला सांगायला दोन महिने लागले.

सासू : म्हणून तर म्हटलं, सावकाश कळेल तुला.

सून : रस्त्यानं टेम्पो जातो. टेम्पोनं का नाही नेलं?

सासू : टेम्पो बाजारातून जातो. तू बाजारात होतीस.

सून : म्हणून समुद्रातून.

सासू : तोच म्हणाला, होडीनं नेतो, कोणाला कळणार नाही.

मॅडम : आता सगळ्या बंदराला कळलंय. कप्तान सगळ्या चॅनेलवर बोलतो.

सून : का आई? मी काय केलं? एक शब्द तरी बोलले का कधी तुम्हाला?

सासू : नाही बोललीस. तेच. बोलली असतीस तर मी भांडले असते, आणि राहिले असते. तू टेप लावलास.

सून : टेप?

सासू : मागच्या आठवड्यात. मी खाटेवर पडले होते, डोळे मिटून. तुला वाटलं झोपलेय. आलीस, भिंत मोजलीस. कपाट मोजलंस. मग माझी खाट मोजलीस, मी खाटेवर असताना. माझ्या पायांवरून टेप नेलास. मग उभी राहिलीस आणि मान हलवलीस. अशी.

सून : मान हलवली, कारण बसत नव्हतं.

सासू : तेच म्हणतेय मी. मी त्या खोलीत बसत नव्हते.

सून : पाळणा बसत नव्हता!

सासू : कसला पाळणा? कोणाचा पाळणा?

मॅडम : ताई, पाणी देऊ?

सून : द्या. नको. आमचा पाळणा, आई. तिसरा महिना चाललाय.

सासू : कोणाला?

सून : मला! आणखी कोणाला असणार?

सासू : त्याला माहीत आहे?

सून : आहे. मीच म्हटलं होतं, आईंना सांगू नका.

सासू : मला सांगू नका.

सून : मागच्या वेळी पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं. तुम्ही शेजारी सांगितलंत, नणंदबाईंनी त्यांच्या सासरी सांगितलं. मग पुन्हा त्या सगळ्यांना घरोघर जाऊन उलटं सांगत बसले मी. दुकानात सुद्धा. गणवेश न्यायला आलेल्या बाया विचारायच्या, कितवा महिना. या वेळी म्हटलं, तीन महिने होऊ देत, मग सांगू. पहिल्यांदा तुम्हालाच सांगायचं होतं.

सासू : मला वाटलं, तुला माझी अडचण होते.

सून : अडचण कपाटाची होते. ते खोलीच्या निम्म्यात उभं आहे. दार पूर्ण उघडत नाही. तुम्ही तिरप्या होऊन आत जाता, रोज मी बघते.

सासू : पाळणा माझ्या खोलीत कशाला? तुमच्या खोलीत ठेवायचा.

सून : आमच्या खोलीत मशीन आहे. जमिनीवर टाचण्या पडलेल्या असतात, सुया असतात. आणि तुमची झोप सावध आहे. हे तर भूकंप झाला तरी उठणार नाहीत.

सासू : मग मला विचारायचं नाही?

सून : विचारणार होते. आधी बसतो का ते बघत होते. बसत नसेल तर कशाला विचारायचं, असं वाटलं.

सासू : माणसाला आधी विचारावं, भिंत मग मोजावी.

सून : चुकलं. पण तुम्ही तरी डोळे उघडून म्हणायचं होतं ना, काय मोजतेस गं?

सासू : भीती वाटली. तू खरं सांगितलं असतंस तर?

सून : मला कपाट नको होतं, आई. तुम्ही हव्या होता. आणि आता ते कपाट त्यांना घेऊन खडकांवर चाललंय, आणि मी इथं पाळण्याच्या गोष्टी करतेय. मला हे परत हवेत. मासे नकोत, नळ नको, मला फक्त हे परत हवेत.

सासू : येईल.

सून : तुम्हाला काय माहीत?

सासू : काही माहीत नाही. म्हणते आपलं. हात दे इकडे. केवढे गार झालेत.

सून : तुम्ही त्यांना काय सांगितलंत? का जाताय म्हणून?

सासू : हवापालट.

सून : आणि त्यांनी विश्वास ठेवला? कपाटासकट हवापालट?

सासू : त्यानं नुसतं हो म्हटलं. लहानपणापासून असाच आहे. मी म्हटलं हो, तर हो. तू म्हटलंस सांगू नका, तर नाही सांगत. आम्ही दोघी जिकडे ढकलू तिकडे जातो.

मॅडम : सध्या तुम्हा दोघींपेक्षा वारा जोरात आहे. थोडं शांत राहता का? कप्तान, ऐकतेय... अजून नाही?... किती लांब आहात?... ऊन कुठल्या बाजूला आहे तुमच्या? पाठीशी? मग नजर खडकांच्या डावीकडे ठेवा. होडी वाऱ्यात आडवी होऊन फिरत असेल, कपाटाला आरसा आहे. होडी फिरली की उन्हात चमकेल... अहो आरसा. कपाटाला असतो तो. तुमच्या घरी नाही का?... ठीक आहे.

सून : चमकेल?

मॅडम : ढग आले नाहीत तर.

सासू : तरी मी म्हटलं होतं, आरसा मागेच असू दे.

सून : आई, तुम्ही ते चांगल्यासाठी म्हटलं नव्हतं.

सासू : कशासाठी म्हटलं होतं आठवत नाही, पण म्हटलं होतं.

मॅडम : तुमच्या मुलाला पोहता येतं?

सासू : येतं.

सून : येत नाही.

सासू : लहानपणी यायचं.

सून : विहिरीत. दोर बांधून.

मॅडम : नुसतं विचारलं. कप्तान... काय?... परत सांगा... कुठे?... दोनदा? नक्की दोनदा चमकलं?... जा तिकडे. जा, जा.

सून : दिसले?

मॅडम : चमकलंय. पाण्यावरही ऊन चमकतं. अजून काही म्हणू नका.

सासू : मी काही म्हणतच नाहीये. मी श्वाससुद्धा घेत नाहीये.

सून : घ्या आई. आता तुम्हीही नका काळजीला लावू.

मॅडम : ...हो कप्तान. हो. निळी? माणूस?... बसलाय की... बसलाय. हात हलवतोय. ताई, हात हलवतायत तुमचे मिस्टर.

सून : मला बसू दे.

सासू : इथं टेक. माझ्या अंगावर टेक, काही होत नाही मला. रडायचंय का? रड.

सून : नाही रडत मी.

सासू : मग मी रडते.

मॅडम : थांबा, अजून संपलेलं नाही. कप्तान, काय अडचण आहे?... हं... हं... मग पाण्यात ढकला... का नाही?... तो काय म्हणतो?... बरं, धरा. आजी, कपाट कोणाच्या नावावर आहे?

सासू : माझ्या. लग्नात आलेलं. का?

मॅडम : होडी डोलतेय. कपाट उभं असताना तिला दोर लावून ओढता येणार नाही, उलटेल. खडक जवळ आहेत. कप्तान म्हणतोय, कपाटाचे दोर कापून ते पाण्यात सोडा आणि माणसानं बोटीत यावं. माणूस म्हणतोय, आईला विचारल्याशिवाय सोडणार नाही. कपाटाला मिठी मारून बसलाय.

सून : बघा!

सासू : मूर्ख आहे. कोणावर गेलाय कोण जाणे.

मॅडम : आत काय आहे त्यात?

सासू : माझं सगळं. कपडे, त्याच्या वडिलांचा चष्मा, फोटो, माझ्या आईची शाल. सगळंच. खोलीत आता नुसती खाट उरलीय.

सून : आई, फोटो...

सासू : बाई, मला बोलता येईल का त्याच्याशी यातून?

मॅडम : हे बटण दाबून धरायचं. बोलून झालं की सोडायचं. सोडल्याशिवाय त्याचं ऐकू येणार नाही.

सासू : हॅलो. अरे, मी बोलतेय. सोड ते कपाट... नाही, मला नकोय. सोड म्हणते ना... हो, शालसुद्धा. हो, बाबांचा चष्मासुद्धा, त्यांना आता काय वाचायचंय... कोण? हो, इथंच आहे, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसलीय. तिला सगळं कळलंय. मलाही सगळं कळलंय. हो, ते पण. तिसरा महिना... तू आधी त्या बोटीत चढ. नीट चढ. पाय सांभाळून. घरी ये, मग बघते तुझ्याकडे.

सून : मला द्या. हॅलो? अहो, मी आहे. काही नाही. नुसता आवाज ऐकायचा होता... हो. या.

मॅडम : बटण सोडा ताई. कप्तान?... चढला?... दोन्ही पायांनी? शाब्बास. होडीला दोर लावा आणि या. सावकाश या, आता घाई नाही.

सून : मॅडम, तुमचे उपकार कसे...

मॅडम : पाणी प्या आधी. माझं काम अजून राहिलंय. कप्तान, कपाट बुडालं का?... तरंगतंय? कसं, उभं की आडवं?... पाठीवर. बरं. किती वर दिसतंय?... वीतभर. ठीक. नोंद करते, जहाजांना इशारा द्यावा लागेल.

सासू : कसला इशारा?

मॅडम : सागवानी कपाट, समुद्रात, वाहतं. रात्री एखाद्या मच्छीमाराच्या होडीवर आपटलं तर? कुठे जाईल ते काढून सगळ्यांना कळवायचं.

सून : कुठे जाईल? वारा तर खडकांकडे आहे.

मॅडम : आता वाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. वीतभर वर आहे, वारा कशाला धरणार? तुमच्या कॅनसारखं झालं ते. पाणी नेईल तिकडे. शिवाय रात्री हा वारा पडतोय आणि पहाटे परत वायव्येचा सुरू होतोय. म्हणजे प्रवाहाला पुन्हा जोर. बंदरासमोरून खाली जाईल, उपसागर ओलांडेल. उद्या नाही, परवा... किनाऱ्याला लागेल.

सासू : कुठल्या किनाऱ्याला?

मॅडम : दक्षिणेच्या. ही वाळू आहे ना, इथं कुठेतरी.

सून : आई, ही तर नणंदबाईंच्या घरामागची वाळू.

सासू : दिसतंय मला. बाई, तुमच्या फोनवरून एक फोन लावू का? माझा घरी राहिलाय.

मॅडम : लावा.

सासू : हॅलो. मी बोलतेय... हो, सापडला. सुखरूप आहे, बोटीत आहे... रडू नकोस, इथं आधीच दोघी आहेत. ऐक. परवा मागच्या वाळूवर लक्ष ठेव. कपाट येतंय... अगं, आपलं आपणच येतंय. ओलं असेल, दारं उघडून उन्हात ठेव... नाही. मी नाही येत.